अतिदक्षता कक्षातली आई

बाळ जितके लहान, तितके त्याच्या आणि आईबापांच्या मधले दार घट्ट, असा आपल्याकडच्या नवजात अतिदक्षता कक्षांचा जुना रिवाज आहे. पूर्ण दिवसांचे मूल घटकाभरात आईच्या कुशीत येते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात, जेमतेम किलोभर वजनाचे मूल जन्मले तर ते ‘पेटीत’ जाते, आई बाळंतिणींच्या वॉर्डात आणि वडील औषधांची चिठ्ठी घेऊन जिन्यावर. मग ठरल्या वेळी काचेतून दर्शन, डॉक्टरांकडून दोन वाक्यांत दिवसाची हकिकत, आणि ‘आज किती ग्रॅम वाढले?’ हा रोजचा प्रश्न. काही रुग्णालयांनी हा रिवाज सैल केला आहे, काहींनी मोडलाही आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून आजारी नवजातांच्या शुश्रूषेत आईवडिलांना सामील करून घ्यावे, त्यांना हात धुण्यापासून दूध पाजण्यापर्यंतची कामे शिकवावीत, असे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्याहून पुढे जाऊन अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर शक्य तितक्या लवकर आईच्या उघड्या छातीशी धरावे आणि दिवसातले आठ ते चोवीस तास तसे ठेवावे, अशी शिफारस केली.

कागदावरचा निर्णय झालेला आहे, असे यावरून वाटेल. प्रत्यक्षात बहुतेक वाद आता सुरू होतो. दार उघडायचे तर किती, कोणासाठी, कोणत्या बाळासाठी, आणि उघडल्यावर पडणारा भार कोणी उचलायचा, यांवर समंजस माणसांत खरेखुरे मतभेद आहेत. ते मतभेद ‘जुनाट डॉक्टर’ विरुद्ध ‘हळवे पालक’ असे रंगवणे सोपे, पण दोघांवरही अन्याय करणारे ठरेल.

बंद दाराची बाजू आधी नीट ऐकू या. बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाची कातडी पातळ असते. तिच्यातून पाणी आणि ऊब दोन्ही निसटतात. आईच्या रक्तातली प्रतिपिंडे बाळाला मिळतात ती मुख्यतः शेवटच्या तिमाहीत, आणि नेमकी तीच तिमाही या बाळाच्या वाट्याला पुरती आलेली नसते. फुप्फुसे उघडी ठेवणारा द्रव पुरेसा तयार झालेला नसतो. मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटण्याचा धोका पहिल्या तीन दिवसांत सर्वांत मोठा, म्हणून त्या काळात बाळाला कमीत कमी हलवावे, कमीत कमी हाताळावे, असा दंडक आहे. त्यात आपल्या रुग्णालयांतला जंतुसंसर्ग. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात जन्मलेल्या आणि नवजात कक्षात दाखल झालेल्या १३,५३० बाळांचा अभ्यास झाला. त्यांत जंतुदोषाचे प्रमाण १४.३ टक्के निघाले. सापडलेल्या जंतूंत अॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला आघाडीवर होते, आणि त्यांतले कितीतरी एकाच वेळी अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे. एका बाळाच्या रक्तात असा जंतू निघाला की शेजारच्या वॉर्मरवरच्या, म्हणजे ऊब देणाऱ्या खाटेवरच्या, बाळाकडे सिस्टर कोणत्या नजरेने पाहते, हे ज्यांनी पाहिले आहे ते तिच्या कडकपणाला लहर म्हणणार नाहीत.

जागेचा प्रश्नही खराच आहे. गर्दीच्या सरकारी रुग्णालयात कधी एकाच वॉर्मरवर दोन बाळे ठेवावी लागतात. तिथे प्रत्येक बाळाशेजारी एक खुर्ची आणि खुर्चीत एक माणूस ही कल्पना वाचायला छान वाटते, पण बाळाचा श्वास अचानक थांबला तर डॉक्टरांना पलीकडे पोचायला वाट हवी असते. एका आईच्या डोळ्यांदेखत दुसरीच्या बाळाला वाचवण्याची धडपड चालते. वाईट बातमी एकीला सांगायची तर ती चौघींच्या कानांवर पडते. शिवाय नातेवाइकांच्या जमावाची भीती आहे. महाराष्ट्राला वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरच्या हिंसाचाराविरुद्ध २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. रात्रपाळीला एकटा निवासी डॉक्टर ‘आत फक्त आईच’ असा नियम हट्टाने पाळतो, तेव्हा त्यामागे ही आठवण असते.

तथापि, संसर्गाच्या मुद्द्याकडे थोडे थांबून पाहिले तर तो दिसतो तितका बंद दाराच्या बाजूचा राहत नाही. दिल्लीच्या त्याच अभ्यासात जंतुदोषाचे सुमारे दोन तृतीयांश प्रकार जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतच उद्भवलेले होते. म्हणजे भेटीला येणाऱ्या घरच्या माणसांना फारशी संधी मिळण्याआधीच. अॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला यांचा मुक्काम असतो तो बेसिनमध्ये, नळ्यांत, ओलसर पृष्ठभागांवर आणि एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या हातांवर. एक परिचारिका पाळीभरात अनेक बाळांना हात लावते. आई एकाच बाळाला लावते. दिल्लीच्याच राम मनोहर लोहिया रुग्णालयात आजारी नवजातांच्या शुश्रूषेत कुटुंबाला शिकवून सामील करण्याचा यादृच्छिक प्रयोग झाला. त्यात संसर्गाच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही, आणि केवळ अंगावरच्या दुधावर घरी जाणाऱ्या बाळांचे प्रमाण मात्र वाढले.

उघड्या दाराच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा २०२१ मध्ये आला. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या पाच रुग्णालयांत, १ ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ बाळांवर जागतिक आरोग्य संघटनेने हा अभ्यास केला. आपल्याकडचे रुग्णालय होते दिल्लीचे सफदरजंग. एका गटात बाळाची प्रकृती स्थिरावल्यावर कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरणे, सुरू केली गेली, जशी सर्वत्र करतात. दुसऱ्या गटात बाळ अस्थिर असतानाच, जन्मानंतर लगेच, आईच्या किंवा तिच्या जागी असलेल्या स्त्रीच्या छातीशी दिले गेले, आणि त्यासाठी आईची खाटच अतिदक्षता कक्षात आणली गेली. पहिल्या २८ दिवसांत पहिल्या गटातली १५.७ टक्के बाळे दगावली, दुसऱ्या गटातली १२ टक्के. जंतुदोषाची शंका आलेली बाळेही दुसऱ्या गटातच कमी होती. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्यापेक्षा आधी थांबवावा लागला. पुढच्या बाळांना या लाभापासून दूर ठेवणे योग्य ठरले नसते.

हे आकडे अनेकदा इथेच संपवले जातात, आणि तिथे अतिउत्साह सुरू होतो. या अभ्यासात एक किलोच्या आतली बाळे नव्हती. जन्मल्यावर तासाभरातही स्वतः श्वास घेऊ न शकणारी बाळेही नव्हती. सव्वीस आठवड्यांचे, आठशे ग्रॅमचे, व्हेंटिलेटरवरचे बाळ या आकड्यांच्या बाहेर राहते. त्याच्याबाबत ‘लगेच छातीशी धरा’ म्हणणारा आणि ‘थोडे थांबा’ म्हणणारा, दोघेही आज प्रामाणिक असू शकतात. दुसरे असे की, त्या रुग्णालयांत केवळ नियम बदलला नव्हता. भिंती हलल्या होत्या, आईसाठी खाटा आल्या होत्या, बाळंतिणीची तपासणी त्याच खोलीत होऊ लागली होती, परिचारिकांना दोघांना एकत्र सांभाळायचे शिकवले गेले होते. लाभ या सगळ्याचा मिळून होता. एखाद्या रुग्णालयाने भेटीची वेळ वाढवली आणि तेवढ्याने तोच लाभ मिळेल असे मानले, तर ती स्वतःचीच फसवणूक ठरेल.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २६ रुग्णालयांतला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही लाभ परिस्थितीवर अवलंबून असतो असेच सुचवतो. तिथे आईवडिलांनी रोज किमान सहा तास कक्षात राहून बाळाची जमेल ती सगळी देखभाल स्वतः करायची होती. बाळांचे वजन अधिक चांगले वाढले, आईवडिलांचा ताण कमी झाला, घरी जाताना अंगावर पिणारी बाळे अधिक होती. मृत्यू किंवा मोठ्या व्याधींत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. जिथे परिचारिका पुरेशा आहेत, यंत्रे आहेत, तिथे आई आत असल्याने जीव वाचण्यापेक्षा जगणे सुधारते. जिथे हे सगळे तोकडे आहे तिथे कदाचित जीवही वाचतो. हा फरक लक्षात ठेवला तर मुंबईतल्या पंचतारांकित रुग्णालयाला आणि नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयाला एकच युक्तिवाद लावण्याचा मोह होत नाही.

योगायोग नव्हे, पण या सगळ्या विचाराचा उगमही टंचाईतच आहे. बोगोटामध्ये १९७८ मध्ये एडगर रे सानाब्रिया यांनी बाळे आईच्या अंगाशी बांधायला सुरुवात केली, ती पेट्या कमी आणि संसर्ग फार म्हणून. एस्टोनियात, टॅलिनच्या मुलांच्या रुग्णालयात १९७९ मध्ये अदिक लेविन यांनी आयांना कक्षात घेतले, ते परिचारिका पुरत नव्हत्या म्हणून. कॅनडातल्या सहा तासांच्या प्रयोगाचे मूळ त्या टॅलिनमध्ये आहे. महाराष्ट्रालाही ही परंपरा परकी नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजाताची काळजी घ्यायला शिकवले आणि नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून अधिक खाली आणला. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. त्या गावांत अतिदक्षता कक्ष नव्हता, पण अपुऱ्या दिवसांची बाळे होती, आणि ती शिकलेल्या साध्या बायकांच्या हातांत जगली. आईच्या हातांवर विश्वास ठेवता येत नाही, असे म्हणायला या राज्यात तरी जागा उरत नाही.

मात्र याच इतिहासातून बंद दाराच्या बाजूचा नव्हे, तर आईच्या बाजूचा एक वेगळा आणि माझ्या मते अधिक अवघड आक्षेप निघतो. टंचाईतून जन्मलेली पद्धत टंचाई झाकायला वापरली जाऊ शकते. परिचारिकांची पदे रिकामी आहेत. ती भरण्याऐवजी आईलाच नळीतून दूध द्यायला, डायपर बदलायला, वजनाची नोंद ठेवायला बसवले, आणि त्याला ‘कुटुंबाचा सहभाग’ म्हटले तर? हे काम बिनपगारी आहे, आणि ते जवळजवळ नेहमी बाईच करते. ती स्वतः रुग्ण आहे हे कक्षात शिरताच सगळे विसरतात. सिझेरियनचे टाके ओले आहेत, रक्तदाब अजून उतरलेला नाही. अकाली प्रसूतीचे एक मोठे कारण तोच असतो. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना पाळायची रीत आहे. शेक-शेगडी, तेल-मालीश, डिंकाचे लाडू आणि कोणी कामाला न लावणे. त्यातली सोयर-विटाळाची बाजू सोडून देण्यासारखीच आहे. परंतु बाळंतिणीच्या अंगाला विश्रांती लागते हे त्या रितीला कळले होते, आणि सोळा तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसा म्हणणाऱ्या आधुनिक शिफारशीला ते कळतेच असे नाही.

घरी दुसरे मूल असते. धारणीकडची बाई अमरावतीला आलेली असते. नवरा मजुरीवर परत गेला नाही तर चूल पेटत नाही. ऊसतोडीच्या कुटुंबात तर सगळा फडच पुढच्या गावी निघून गेलेला असतो. अशी आई रोज येऊ शकली नाही, तर ‘सात नंबरची आई येत नाही’ असा शेरा पडायला वेळ लागत नाही. मूल अपुऱ्या दिवसांचे झाले याचा दोष घरात तिच्यावर आधीच आलेला असतो; वजन वाढले नाही याचा दोष मग रुग्णालयात येतो. सहभाग हा हक्क म्हणून सुरू होतो आणि हजेरी म्हणून संपतो, ही भीती काल्पनिक नाही.

या आक्षेपाला मी पूर्ण मान देतो. परंतु तो मान्य करूनही एक प्रश्न उरतो: दार बंद ठेवल्याने ही बाई विश्रांती घेते का? ती घरी जाऊन सव्वा महिना पाळत नाही. ती कक्षाबाहेरच्या व्हरांड्यात, चटईवर, पिशवी उशाला घेऊन बसलेली असते. दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, तिला दूध काढून वाटीत आत पाठवायचे असते. बाळापासून तुटलेल्या, काळजीने सुकलेल्या बाईचे दूध आटत जाते. ते टिकवायचे तर बाळाचा वास, बाळाचा स्पर्श यांची मदत लागते. वेळ, मजुरी, झोप आणि पैसा हा सगळा खर्च ती आजही करतेच आहे. बंद दार तो वाचवत नाही. फक्त त्याच्या बदल्यात तिला काही मिळू देत नाही.

आणि तिला आत काय मिळते, हे ग्रॅममध्ये मोजून होत नाही. बाळाला थकवा आला की त्याची बोटे फाकतात, भुवया आकसतात, हे पहिल्यांदा कोणाला कळते? पाळी बदलणाऱ्या परिचारिकेला नव्हे, रोज त्याच बाळाकडे पाहणाऱ्या माणसाला. श्वासाला मदत करणाऱ्या सीपॅपच्या नळीने नाक लाल झाले आहे, आज दूध पचत नाही, पोट नेहमीपेक्षा तट्ट आहे, या गोष्टी यंत्राच्या आकड्यांच्या आधी आईला दिसू शकतात. अनुभवी डॉक्टर तिचे ऐकतात. शिवाय दोन-अडीच महिन्यांनी, साधारण मूळ तारखेच्या सुमारास, हे बाळ तिच्याच हातांत घरी जायचे असते. तोवर काचेबाहेर ठेवलेल्या बाईला शेवटच्या दिवशी ‘हे असे धरा, हे असे पाजा, डोळ्यांच्या तपासणीला या तारखेला या’ असे अर्ध्या तासात शिकवून पाठवणे, ही सुरक्षितता म्हणता येणार नाही.

बापाकडे येऊ. कांगारू पद्धतीला बाईच लागते असा शरीरशास्त्राचा आग्रह नाही; बापाची किंवा आजीची छातीही तेवढीच ऊबदार असते. आग्रह आहे तो रिवाजाचा आणि रजेचा. संघटित क्षेत्रातल्या आईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळंत झालेल्या बाईची त्यातली दहाएक आठवडे रजा रुग्णालयातच संपते, आणि बाळ घरी येते तेव्हा इतरांना मिळतो त्याहून खूप कमी वेळ तिच्याकडे उरतो. अकाली प्रसूतीतून उद्भवलेल्या आजारपणासाठी एक महिना वाढीव रजेची कायद्यात सोय आहे; ती मागणारे थोडे आणि देताना कुरकुर करणारे फार. केंद्र सरकारी कर्मचारी बापाला पंधरा दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने काहीच नाही. ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून नवजात कक्षात बाळ असलेल्या आईबापांना नेहमीच्या रजेवर आणखी बारा आठवड्यांपर्यंत स्वतंत्र रजा देऊ केली. आपल्या बहुसंख्य आईबापांना, शेतमजूर, घरकामगार, रिक्षाचालक यांना, रजा हा शब्दच लागू नाही. त्यामुळे तो कायदा जसाच्या तसा आणून आपले भागणार नाही. पण ज्यांना लागू आहे त्यांच्यापुरती तरी ही उणीव भरायला काय हरकत आहे, याचे उत्तर सापडत नाही.

इमारतींबद्दल थोडक्यात. स्टॉकहोममध्ये आईबापांना बाळाजवळ चोवीस तास राहता येईल अशा खोल्या दिल्या, तेव्हा बाळांचा मुक्काम सरासरी पाचेक दिवसांनी कमी झाला. उलट अमेरिकेतल्या सेंट लुइस इथे एकेकट्या खोल्यांत वाढलेल्या अकाली बाळांची भाषा दोन वर्षांच्या वयात मोठ्या सामाईक कक्षातल्या बाळांपेक्षा मागे पडलेली दिसली. आईबाप फारसे येऊ न शकल्याने त्या खोल्यांत शांतता जास्त झाली, असा अर्थ लावला गेला. स्वीडनमध्ये आईबाप दोघांनाही अशा वेळी पगारी रजा मिळते, अमेरिकेत तशी हमी नाही. खासगी रुग्णालयांनी जाहिरातीत स्वतंत्र खोली मिरवण्याआधी एवढे ध्यानात घेतलेले बरे.

भंडाऱ्याचा उल्लेख टाळता येत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून दहा बाळे गेली. दार उघडे ठेवावे म्हणणारे विचारतात, की प्रत्येक बाळाजवळ जागे माणूस असते तर? बंद ठेवावे म्हणणारे विचारतात, की त्या धुरात आणखी वीस माणसे असती तर? दोन्ही प्रश्न खरे आहेत, आणि दोन्ही त्या रात्रीच्या खऱ्या प्रश्नाला बगल देतात. तो विजेच्या तारांचा, अग्निसुरक्षेचा आणि रात्रपाळीच्या मनुष्यबळाचा होता. आईला पहारेकरी नेमून तो सुटत नाही.

या सगळ्याचे वजन करता माझा कौल उघड्या दाराकडे झुकतो. पाहुण्यांसाठीचा नियम आईबापांना लावणे हीच मुळातली चूक आहे. भेटीची वेळ मामा-काकांना असावी, आईबापांना नसावी. मात्र हा कौल सरसकट नाही. दोन नावे कुटुंबाने द्यावीत, त्यांत आई आणि तिने निवडलेले एक माणूस. मग तो नवरा असो, तिची आई असो वा सासू. ‘तिने निवडलेले’ हे महत्त्वाचे, कारण बाहेर व्हरांड्यात निर्णय बहुधा दुसरेच कोणी घेत असते. या दोघांना वेळेचे बंधन नको, हात धुण्याचे असावे, आणि ते डॉक्टरांनाही तितकेच कडक असावे. एक किलोच्या आतल्या किंवा व्हेंटिलेटरवरच्या बाळाला पहिल्या तीन दिवसांत छातीशी धरायचे की नाही, हे बाळाच्या उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांवर सोडावे. पण तोवरही आईने आत येऊन डोक्यावर आणि पायांवर हात न हलवता नुसता ठेवायला हरकत नसते. संसर्गाची साथ पसरली तर कक्ष बंद करण्याचा अधिकार प्रमुखांना असायलाच हवा, फक्त कारण आणि मुदत दारावर लिहिलेली असावी. करोनाच्या काळात आपण पाहिले की बेमुदत बंद झालेले दार पुन्हा उघडायला कोणी नेमलेले नसते.

जिथे एका वॉर्मरवर दोन बाळे आहेत, तिथे मी आजच प्रत्येकीसाठी खुर्ची मागणार नाही. तिथे पाळीपाळीने आत येणे ही तडजोड मान्य करावी लागेल, आणि ती मान्य करणाऱ्या अधिसेविकेला मागास म्हणणे चुकीचे होईल. तिच्या बाजूने हेही सांगायला हवे, की घाबरलेल्या, कधी निरक्षर, कधी एकोणीस वर्षांच्या आईला शिकवणे हे सुरुवातीचे काही दिवस तिचे काम वाढवणारेच असते. ते काम कोणाच्याही कामाच्या तासांत आज धरलेले नाही. माता आणि नवजात एकत्र राहतील असा कक्ष उभारायला जागा, पैसा आणि मनुष्यबळ लागेल. जिल्ह्याला एक नवा व्हेंटिलेटर आणि आयांसाठी दहा खाटा यांत निवड करायची वेळ आली, तर व्हेंटिलेटर निवडणारा दुष्ट नसतो. त्याचे छायाचित्रही अधिक चांगले येते, हा भाग वेगळा.

पण त्या दहा खाटांआधी एक स्वस्त गोष्ट आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला रुग्णालयात मोफत जेवण मिळते ते नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवस, सिझेरियननंतर सात दिवस. काही रुग्णालये आपल्या हिमतीवर पुढे सोय करतात. बाळ मात्र आठ-दहा आठवडे तिथेच असते आणि त्याचे अन्न म्हणजे तिचे दूध असते. बाळ कक्षात आहे तोवर आईचे ताट आणि निजायची जागा योजनेतच धरणे, ही दार उघडण्याची पहिली अट मानावी. ती न पाळता सहभागाचा फलक लावणाऱ्या रुग्णालयापेक्षा, जेवण-झोप देऊन दिवसातून चारच तास आत घेणारे रुग्णालय मला आज जवळचे वाटते.

दुसरी गोष्ट नोंदीची. नवजात कक्षाच्या मासिक अहवालात दाखल किती, बरी होऊन गेली किती, दगावली किती, सल्ल्याविरुद्ध घरी नेली किती, हे रकाने असतात. त्यात सहभागाचा एक रकाना घालावा अशी सूचना सहज पुढे येईल, आणि तो रकाना ‘आई किती तास आली’ असा काढला जाईल. तसे झाले तर ती हजेरीच झाली. रकाना असावा तो आईबापांसाठी कक्ष रोज किती तास उघडा होता, किती आयांना जेवण आणि खाट मिळाली, याचा. म्हणजे महिनाअखेर उत्तर द्यायची वेळ सात नंबरच्या आईवर न येता, रुग्णालयावर येईल.